पडताळ्याचा आकडा

मी बँकेत लागलो तेव्हा आमची बँक लहान होती. वऱ्हाडातल्या सात-आठ गावांत शाखा, अकोल्याला मुख्य कचेरी आणि तिच्याखालोखाल आमची अमरावतीची शाखा. आमच्या घरात त्याआधी कोणी नोकरी केलेली नव्हती. वडील भिक्षुकी करायचे. कोणाकडून किती दक्षिणा मिळेल ते देणाऱ्याच्या मनावर असायचं, आणि कधी मिळेल तेही. त्यामुळे ठरल्या तारखेला ठरलेला पगार येतो, याचं घरी फार अप्रूप होतं. आई शेजारणींना माझा पगार कधी सांगत नसे, पगाराची तारीख सांगायची.

पहिले सहा महिने मला अकोल्याला शिकायला ठेवलं होतं, तिथल्या हेडक्लार्कांच्या हाताखाली. सगळी कचेरी त्यांना काकाजी म्हणायची, मीही म्हणू लागलो. पन्नाशीचा बुटका माणूस. पुढचे दोन दात पडलेले, ते त्यांनी बसवून घेतले नव्हते, त्यामुळे बोलताना 'स' आणि 'श' शिट्टी वाजल्यासारखे निघायचे. टेलिफोनवर ते इतक्या मोठ्यानं बोलायचे की टेलिफोनची गरजच काय, असं लोक म्हणत. मी एकटा राहतो म्हणून रविवारी दुपारी ते मला घरी जेवायला बोलवायचे. पातोडीचा रस्सा असायचा. काकू कधी 'हवं का' असं विचारायच्या नाहीत, वाढतच जायच्या.

तारेनं पैसे पाठवायचं काम काकाजींनी मला शिकवलं. एखाद्यानं अकोल्याला पैसे भरले की अकोल्याची शाखा अमरावतीला तार करायची, अमक्याला इतके द्या. तार वाचून आम्ही इथे रोख पैसे मोजायचे. पण तार काय, कोणीही करू शकतो. ती खरोखर आपल्याच शाखेनं केली हे ओळखायला काहीतरी खूण लागते. आमच्या बँकेत ती खूण काकाजींनी बसवलेली होती. प्रत्येक वाराला एक शब्द. सोमवारी ज्वारी, मंगळवारी तूर, बुधवारी अंबाडी, असे. तारेतला शेवटचा शब्द त्या वाराचा असला की पैसे द्यायचे. दर दसऱ्याला काकाजी शब्द बदलायचे आणि नवी यादी स्वतः अमरावतीला आणून द्यायचे. टपालानं पाठवत नसत.

ही पद्धत कच्ची होती, हे मी आजही कबूल करीन. तार ऑफिसातल्या एखाद्यानं महिनाभर आमच्या तारा वाचल्या असत्या तर त्याला सगळे शब्द कळले असते. पण तसं कधी झालं नाही.

साठ साल उलटलं आणि लहान बँकांचे दिवस फिरले. कुठे एखादी बँक बुडाल्याची, लोक बंद दारापुढे बसून राहिल्याची बातमी यायची. आमच्याकडे वरून तपासणी झाली. तपासनिसांनी सगळं पाहिलं, आणि शब्दांची यादी पाहून ते हसले, असं मला काकाजींनीच सांगितलं. त्यानंतर वर्षाच्या आत आमची बँक मुंबईच्या एका मोठ्या बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, फॉर्म बदलले, वह्यांची मापं बदलली. देशभर सगळ्या शाखांत एकच पद्धत. वारांचे शब्द गेले, आणि त्यांच्या जागी लाखेचं सील केलेल्या पाकिटातून एक छापील पुस्तक आलं.

त्या पुस्तकात कोष्टकं होती. तारखेला एक आकडा, महिन्याला एक, रकमेला एक, शाखेला एक. चारींची बेरीज केली की पडताळ्याचा आकडा तयार व्हायचा. पाठवणाऱ्यानं तो तारेत लिहायचा, घेणाऱ्यानं स्वतः बेरीज करून ताडून पाहायचा. जुळला तर पैसे. नाही जुळला तर पैसे द्यायचे नाहीत, टपालानं लेखी खुलासा येईपर्यंत थांबायचं. शिवाय मुंबईहून अधूनमधून शुद्धिपत्रक यायचं, की अमुक तारखेपासून तारखांचे आकडे बदलले आहेत, ही पट्टी पान इतक्यावर चिकटवा.

काकाजींची त्याबद्दल तक्रार नव्हती. मी एकदा अकोल्याला गेलो तेव्हा ते पुस्तकावर कापडी कव्हर शिवून घेऊन बसले होते. म्हणाले, आणे गेले, शेर गेले, तसे आपले शब्दही गेले, चालून जाते. बेरजा ते तीन-तीनदा करायचे.

ही गोष्ट जुलै महिन्यातली आहे. आमच्याकडे नवे मॅनेजर येऊन वर्ष झालं होतं. पुण्याकडचे, शांत, कामात चोख. माणूस वाईट नव्हता. तारांचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. पुस्तक माझ्या टेबलाच्या कप्प्यात आणि किल्ली त्यांच्याकडे.

सकाळी बँक उघडताच एक गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आली. गृहस्थ भातकुलीच्या बाजूच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर होते. मुलीजवळ पत्र्याची लहान पेटी. मास्तरांनी हात जोडले आणि अकोल्याहून तार येणार आहे, आली का, असं विचारलं. मी म्हटलं, अजून नाही, बसा. मुलगी बाकावर बसली. ते उभेच राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी मला सगळं सांगितलं. नागपूरला डॉक्टरीच्या कॉलेजात मुलीचं नाव प्रतीक्षायादीत होतं. वरचा कोणीतरी गळला आणि तिचा नंबर लागला. पत्र खेड्यात उशिरा पोचलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पैसे भरायचे, नाहीतर जागा पुढच्या नावाला. सवलत होती, पण ती मंजूर होऊन यायची तेव्हा यायची, आधी सगळं भरायचं होतं. छप्पन साली त्यांनी बौद्ध धर्म घेतला होता, म्हणून सवलतीच्या अर्जाला एक वेगळा दाखला लागत होता, तो कलेक्टर कचेरीतून घ्यायला ते आदल्या दिवशीच अमरावतीला आले होते. दाखला मिळाला होता. तो त्यांनी मला घडी उलगडून दाखवला. मुलीचा मामा अकोल्याला रेल्वेत कारकून होता. त्यानं कुठूनकुठून रक्कम जमवली होती. ती माझ्या दोन पगारांइतकी होती. ती घेऊन बापलेक संध्याकाळच्या बसनं नागपूरला जाणार होते.

पुढे पुष्कळांनी मला विचारलं की मामा स्वतः गाडीत बसून का आला नाही. अमरावतीजवळचं मोठं स्टेशन बडनेरा, ते अकोल्याहून किती लांब आहे. मामाला रजा मिळाली नव्हती हे एक. आणि दुसरं म्हणजे स्टेशनावर काम करणारा माणूस तो, रोज तारयंत्राचा कडकडाट ऐकणारा. तारेइतकं लवकर माणूस पोचत नाही, असा त्याचा विश्वास होता.

तार साडेबाराला आली. मी नाव पाहिलं, रक्कम पाहिली, आणि मास्तरांकडे बघून मान हलवली. मुलगी उठून उभी राहिली. मग मी पुस्तक काढून बेरीज केली. आकडा जुळला नाही.

पुन्हा केली. तिसऱ्यांदा दुसऱ्या कागदावर केली. सातचा फरक येत होता. मग माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे चार दिवसांपूर्वी शुद्धिपत्रक आलं होतं, आणि त्या दिवसापासून तारखांचे आकडे बदलले होते. मी एका कडेला चिकटवलेली पट्टी वर उचलून खालचा जुना आकडा धरून बेरीज केली. ती बरोबर जुळली. म्हणजे तार अकोल्याचीच होती, काकाजींनीच केलेली होती, आणि त्यांच्या पुस्तकात ती पट्टी लागलेली नव्हती.

हे मी मॅनेजरांना सांगितलं. त्यांनी माझा कागद नीट पाहिला. म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण जुना आकडा ज्याच्या हाती लागलाय असा कोणी लबाडही हीच तार करेल. म्हणून तर आकडे बदलतात." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आजही मला तसंच वाटतं.

अकोल्याला अर्जंट ट्रंक कॉल लावा, असं त्यांनी सांगितलं. मी लावला आणि बाहेर येऊन मास्तरांना म्हटलं, तारेत थोडी अडचण आहे, खुलासा मागवतो आहोत. त्यांनी विचारलं, पैसे भरले आहेत ना? मी म्हटलं, भरले असावेत. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. भरले असावेत म्हणजे काय, हे त्यांना कळेना, आणि मला त्यांना पट्टीची गोष्ट सांगता येईना, कारण पुस्तकाबद्दल बाहेर बोलायचं नाही असा नियम होता.

दोन वाजता व्यवहार बंद झाले. मॅनेजरांनी त्या दोघांना आत बसू दिलं. कॉल लागत नव्हता. तेव्हा मॅनेजरांनी मास्तरांना एक वाट सांगितली. या शाखेत ज्याचं खातं आहे असा कोणी तुमची हमी घेईल का? रक्कम परत द्यावी लागली तर मी भरीन, असं त्यानं लिहून द्यायचं. मग आपण देऊ शकतो. मास्तरांनी बराच विचार केला. अमरावतीत त्यांच्या ओळखीचे दोघं-तिघं होते, त्यांच्यापैकी कोणाचं बँकेत खातं असेल असं त्यांना वाटत नव्हतं. तरी ते जाऊन येतो म्हणाले आणि तासाभरानं एकटेच परत आले.

माझं खातं त्याच शाखेत होतं. नोकरी लागली तेव्हाच ते उघडलेलं. कर्मचाऱ्यानं हमी घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि घ्यावी असंही नव्हतं. तार खरी आहे हे त्या इमारतीत माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. मॅनेजर ते वाक्य बोलले तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. माझ्या मनात ते आलं. आलं नाही असं मी म्हणणार नाही. मी विचारायला तोंड उघडलं नाही, एवढंच. दोन पगार, आणि वर साहेबाचं मत वाईट होईल ही भीती. आई शेजारणींना जी तारीख सांगायची, ती चुकेल की काय, असं काहीतरी.

साडेतीनला घंटी वाजली. मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पलीकडून शिट्टी वाजवत काकाजींचा आवाज आला. मी सांगितलं, आकडा जुळत नाही, शुद्धिपत्रक लावलं का?

"कोनतं शुद्धिपत्रक?" ते म्हणाले. "आमच्याकडे काईच आलं नाई."

मग, मी काही बोलायच्या आत, त्यांनी सगळी बेरीज मोठ्यानं वाचून दाखवली. तारखेचा इतका, महिन्याचा इतका, रकमेचा इतका, शाखेचा इतका, कुठं चुकलं ते सांग. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत जितके ऑपरेटर असतील तितक्यांनी ते ऐकलं असेल. माझ्या मागे मॅनेजरांनी श्वास आत घेतल्याचं मला ऐकू आलं.

मी म्हटलं, काकाजी, फोनवर आकडे नका बोलू.

ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं. मी कोन बोलून राहिलो ते तुले समजते का नाई?"

"समजते."

"मंग देऊन टाक ना बाप्पा. पोरीचं काम हाय म्हनते तिचा मामा."

नवा आकडा मी त्यांना सांगितला असता तर त्यांनी पुन्हा तार केली असती. पण जो आकडा आपण सांगितला तोच परत मागून पडताळा कसला होणार, आणि मागे मॅनेजर उभे होते. काकाजी एकदा 'हॅलो' म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. कॉलची तीन मिनिटं संपली आणि लाइन गेली.

मी बाहेर येऊन मास्तरांना सांगितलं की लेखी खुलासा आल्याशिवाय पैसे देता येणार नाहीत, टपालानं दोन दिवस लागतील. मुलीनं वडिलांना विचारलं की शेवटची बस कितीची. ते तिच्याशी हळू काहीतरी बोलले. पेटी वडिलांनी उचलली आणि ती दोघं पायऱ्या उतरून गेली.

त्याच संध्याकाळी मॅनेजरांनी मला घडलेलं लिहून द्यायला सांगितलं. पडताळ्याचे आकडे उघड्या लाइनवर बोलले गेले होते, आणि पुस्तक त्यामुळे निकामी झालं असं नियम सांगत होता. मुंबईला कळवणं भाग होतं. मी म्हटलं, शुद्धिपत्रक त्यांना मिळालं नव्हतं हेही लिहू ना? ते म्हणाले, अवश्य लिहा, जे झालं ते सगळं लिहा. मी लिहिलं. एक अक्षर खोटं लिहिलं नाही. हमीच्या वेळी मी गप्प राहिलो ते मात्र त्यात नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

खुलासा तिसऱ्या दिवशी आला. त्यानंतर आठवड्यानं मास्तर एकटे आले. ते नागपूरला तसेच गेले होते, रिकाम्या हातानं. कॉलेजातल्या बाबूनं दुपारपर्यंत बसू दिलं आणि मग पुढच्या नावाला बोलावलं. आता हे पैसे मेहुण्याला परत नेऊन द्यायचे होते. त्यांनी पावतीवर सही केली, मास्तरांची असते तशी वळणदार. नोटा खिशात ठेवल्या आणि विचारलं, "साहेब, त्या दिवशी तार खरी हाय हे तुमाले माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि गेले.

अकोल्याला शुद्धिपत्रक पोचलं ते त्या तारेनंतर सहा दिवसांनी. मुंबईच्या जावक वहीत मात्र दोन्ही शाखांची पाकिटं एकाच दिवशी गेल्याची नोंद होती. पाठवलं म्हणजे मिळालं, असं चौकशीत धरलं गेलं. काकाजींवर दोन दोष ठेवले गेले, जुना आकडा वापरला हा एक, आणि गुप्त आकडे टेलिफोनवर उघड केले हा दुसरा. दुसऱ्याला पुरावा म्हणून माझं लिहिलेलं जोडलं होतं. पहिल्याबद्दल मी जे लिहिलं होतं त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यांची वेतनवाढ थांबवली आणि बदली केली, गुजरातेतल्या एका शाखेत, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. ते गेले नाहीत. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली असताना त्यांनी राजीनामा दिला.

मी दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो. जाऊ की नको असं करण्यात तीन महिने गेले होते. काकूंनी चहा आणून ठेवला आणि आत निघून गेल्या. माफी मागायची म्हणून मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. काकाजींनी ऐकून घेतलं.

"तू खरं लिवलं," ते म्हणाले. "खोटं काहून नाई लिवलं, असं मी तुले कसा म्हनू?"

मग ते कापसाच्या भावाबद्दल बोलू लागले. एका अडत्याकडे सकाळी चार तास हिशेब लिहायला जात होते. मी उठलो तेव्हा त्यांनी जेवून जा म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी मला बढतीच्या परीक्षेला बसवलं, आणि मी पास झालो. मॅनेजरांनी माझ्या गोपनीय अहवालात चांगलं लिहिलं होतं, त्यात दबावाखालीही नियम सोडला नाही असं वाक्य होतं, ते त्यांनी मला बदली होऊन जाताना सांगितलं. दोन-अडीच वर्षांनी मुंबईहून एक परिपत्रक आलं. त्यात एक कलम असं होतं की आकडा न जुळल्यास यापुढे टेलिफोनवर खात्री करून, त्यासाठी दिलेला वेगळा आकडा विचारून, त्याच दिवशी पैसे द्यावेत. का, ते लिहिलेलं नव्हतं. अशी कलमं येतच असतात. मी वाचल्याची सही केली.

मास्तर मला आणखी एकदा दिसले, भातकुलीच्या स्टँडवर. मी शेतीच्या कर्जाची जमीन बघायला गेलो होतो. त्यांनी मला ओळखलं. मुलीनं पुढच्या वर्षी परत अर्ज केला होता, पण त्या वर्षी यादी तिच्या नावाच्या वरच तुटली. मग लग्न करून दिलं, अंजनगावकडे. मी विचारलं, बरी आहे ना? ते म्हणाले, "हो, बरी हाय." त्यांची बस लागली.

काकाजी गेले त्याची बातमी मला उशिरा कळली, अकोल्याच्या एका शिपायाकडून. मी तेराव्याला गेलो. अंगणात मांडव होता, वीस-पंचवीस माणसं होती, त्यात जुन्या बँकेतले तिघं-चौघं. त्यांच्या मुलानं मला ओळखलं नाही. मी शाखा सांगितली, नाव सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, हो हो, बाबा तुमचं नाव घ्यायचे. माझ्या हाताखाली पुष्कळ शिकले, पण नियम शिकला तो एकटाच, असं म्हणायचे.

हे काकाजी कोणत्या सुरात म्हणाले असतील, हे त्याला विचारता आलं असतं. त्याच्या चेहऱ्यावरून तरी ते कौतुक होतं. मी पंगतीत बसलो, वाढलं ते खाल्लं, आणि चारच्या गाडीनं बडनेऱ्याला आलो. दुसऱ्या दिवशी शाखेत तपासणी होती.